प्रमाणपत्र येईल तेव्हा येईल, शिकवणं आजपासून

पत्र :
मॅडम, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घरात तेलुगू बोलतो. मिस्टर यंत्रमागावर आहेत, मी घरी विड्या वळते. थोरला मुलगा साडेनऊ वर्षांचा, चौथीत आहे, सेमी इंग्रजीला. तोंडी काहीही विचारा, पटापट सांगतो. दुकानातला हिशोब कधी चुकत नाही. पण पुस्तक हातात दिलं की त्याला घाम फुटतो. धाकटी दुसरीत असून त्याच्यापेक्षा चांगलं वाचते, त्यावरून घरात रोज वाद. बाईंनी वहीत लाल पेनाने ‘निष्काळजी’ असं लिहिलंय. परवा मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, याला मतिमंद मुलांच्या शाळेत घाला, पाचवीत आम्हाला झेपणार नाही. एक डॉक्टर म्हणाले डिस्लेक्सिया असेल, सर्टिफिकेट काढा. कुठून काढायचं ते सांगितलं नाही. एका क्लासवाल्याने मेंदू जागा करायचा कोर्स सांगितला, फी ऐकून आम्ही परत आलो. सासूबाई म्हणतात, तेलुगू शाळेत घातलं असतं तर असं झालं नसतं. मी त्याला मारते आणि मग रात्रभर मला झोप येत नाही. सोलापुरात आमच्यासारख्यांना मदत करणारं कुणी आहे का? आधी कुठल्या दारात जायचं? त्याच्या वहीच्या एका पानाचा फोटो सोबत पाठवते.
– एक आई, सोलापूर

उत्तर :

ताई,

फोटो मोठा करून ते पान मी नीट वाचलं. ‘दिवस’ लिहायचं तिथे ‘दवीस’ आहे. ‘शिक्षक’च्या जागी ‘क्षिशक’. एका ओळीत ‘घर’चं ‘धर’ झालंय आणि तिसऱ्या ओळीत तोच शब्द बरोबर आलाय. जोडाक्षर आलं की पेन अडलंय, खोडाखोड झाली आहे, एका ठिकाणी तर कागद फाटलाय. आणि त्याच पानाच्या समासात त्याने मागाचा धोटा काढलाय, कांडीतून निघालेल्या सुतासकट, अगदी जिथल्या तिथे.

‘क्षिशक’ पुन्हा एकदा बघा. त्यातला एकही आवाज सुटलेला नाही. श, क्ष, क, इकार, सगळं आलंय, फक्त त्यांच्या जागा बदलल्यात. निष्काळजी मुलाच्या हातून अक्षरं गळतात, शब्द अर्धवट राहतात, ओळी सुटतात. हा मुलगा ऐकलेला प्रत्येक आवाज धडपडून कागदावर आणतोय. आपल्या लिपीत तर ऱ्हस्व इकार बोलताना व्यंजनानंतर येतो आणि लिहिताना त्याच्या आधी. बहुतेक मुलं हे न सांगता उचलतात. काही मुलांना ते मुद्दाम, पुन्हा पुन्हा, हात धरून शिकवावं लागतं.

एका पानावरून निदान करायचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. पण डॉक्टरांनी जी शंका घेतली, ती तपासून घ्यायलाच हवी.

आधी मुख्याध्यापकांच्या बोलण्याबद्दल, कारण तेच तुमच्या मनाला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतं. बौद्धिक अक्षमता, ज्याला ते मतिमंद म्हणाले, ती वेगळी आणि अध्ययन अक्षमता वेगळी. बौद्धिक अक्षमतेत मुलाची एकूण समजच वयाच्या मानाने मागे असते. समजून घेणं, रोजचे व्यवहार, स्वतःचं आवरणं, सगळ्यातच त्याला आधार लागतो. अशा मुलांच्या विशेष शाळा त्यांच्यासाठी मोलाच्या असतात. अध्ययन अक्षमतेत बुद्धी चांगली असते, फक्त वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखाद्या ठिकाणी मेंदूचं काम निराळ्या पद्धतीने चालतं. डॉक्टर म्हणाले तो डिस्लेक्सिया यातलाच, वाचनातल्या अडचणीचा प्रकार. त्यात आवाज आणि अक्षर यांची सांगड पक्की बसत नाही. हे बरेचदा घराण्यात असतं. काका, मामा, आजोबा यांच्यापैकी कुणी हुशार असूनही शाळेतून लवकर गळालं का, विचारून बघा. तुमच्या मारण्याने, मोबाइलने किंवा तुम्ही विड्या वळत बसता आणि अभ्यास घेत नाही म्हणून हे होत नाही. दुकानातला हिशोब चोख ठेवणाऱ्या मुलाला बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत पाठवणं हा त्याच्यावर अन्याय होईल आणि त्याची जी खरी अडचण आहे ती तिथेही सुटणार नाही.

तुम्हाला शाळा बदलायची नसेल, तर ती बदलायला लावण्याचा अधिकार शाळेला नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात मूल नापास झालं तर पुनर्परीक्षा होते, तीही नाही जमली तर त्याच वर्गात ठेवता येतं, पण शाळेबाहेर नाही. त्याहून तुमच्या कामाचा कायदा म्हणजे 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. त्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. कलम 16 सांगतं की सरकारी मदत घेणाऱ्या आणि सरकारी मान्यता असलेल्या शाळांनी अशी मुलं लवकरात लवकर ओळखावीत आणि त्यांच्यासाठी शिकवण्याची योग्य पद्धत वापरावी. म्हणजे मूल ओळखायची पहिली जबाबदारी शाळेचीच आहे. हे कलम तोंडावर फेकायला सांगत नाही मी, भांडून मुलाला त्याच वर्गात बसवायचं म्हणजे त्याचेच हाल. पण ते आपल्या बाजूने आहे एवढं मनात पक्कं असलं की मुख्याध्यापकांच्या खुर्चीसमोर आवाज कापत नाही.

आता दारं. खरं सांगायचं तर सोलापुरातच काय, महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी या मदतीचं एक दार नाही. थोडं शाळेत आहे, थोडं महापालिकेत, थोडं सिव्हिलमध्ये, आणि एका दाराला दुसऱ्याची खबर नसते. त्यामुळे पालक हेलपाटे घालून थकतात आणि शेवटी एखाद्या क्लासवाल्याच्या हाती लागतात. तुम्ही परत आलात हे फार चांगलं केलंत. मेंदू जागा करणारे कोर्स, स्मरणशक्तीची चाटणं, डोळे बांधून वाचायला लावणारे प्रयोग यांनी वाचन सुधारत नाही. अध्ययन अक्षमतेवर गोळी नाही. त्यावर एकच गोष्ट चालते, ती म्हणजे त्या मुलाला समजेल अशा रीतीने, टप्प्याटप्प्याने, सातत्याने शिकवणं.

सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासून घ्या. यात आठवडा गेला तरी चालेल, पण हे टाळू नका. कमी दिसणारं, कमी ऐकू येणारं मूलही असंच अडखळतं आणि पुढे जो कुणी तपासेल तो हाच कागद आधी मागेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. त्यांच्या तीसेक आजार-अडचणींच्या यादीत शिकण्यातली अडचण आणि चंचलता या दोन्ही गोष्टी आहेत. पथक तुमच्या शाळेत कधी येणार, हे बाईंना विचारून ठेवा. त्या दिवशी मुलाला हजर ठेवा आणि शक्य असेल तर स्वतः जाऊन बोला. नुसतं वजन-उंची घेऊन मुलाला पुढे सरकवू देऊ नका.

त्याच आठवड्यात शाळेला अर्ज द्या, लेखी. तोंडी बोलणं हवेत विरतं. मजकूर मी शेवटी देते. अर्जात मागणी एकच, की सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतल्या विशेष शिक्षकांकडून मुलाची तपासणी व्हावी. हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. सर्वसाधारण शाळेत शिकणाऱ्या दिव्यांग मुलांसाठी समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक नेमलेले असतात. तालुक्याला ते गट साधन केंद्राला जोडलेले असतात आणि शहरात महापालिकेच्या शहर साधन केंद्राला. तुमची शाळा शहरातली, म्हणून तुमचा संबंध महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण मंडळाशी. तिथल्या प्रशासन अधिकाऱ्यांच्या नावे अर्जाची दुसरी प्रत द्या. (पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटकडच्या वाचकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी.) विशेष शिक्षक ठरलेल्या दिवशी शाळेत येतात, मुलाला तपासतात, वर्गशिक्षकांना काय करायचं ते सांगतात, प्रमाणपत्राच्या वाटेला लावतात. त्यांच्याकडे मुलं भरपूर आणि माणसं थोडी, त्यामुळे एका फोनवर कुणी येणार नाही. चिवटपणे मागे लागावं लागेल. पण सोलापुरात फुकट आणि मुलाच्या वर्गापर्यंत पोहोचणारी मदत मिळण्याची आशा सगळ्यात जास्त याच दारात आहे, म्हणून पहिला जोर इथेच लावा.

वर्गशिक्षिकांना ‘प्रशस्त’ ॲपबद्दलही सांगा. एनसीईआरटीने ते शाळांसाठीच बनवलंय. मुलाचं निरीक्षण करून शिक्षकांनी त्यातले प्रश्न भरायचे, म्हणजे कोणत्या प्रकारची अडचण संभवते ते दिसतं. यातून प्रमाणपत्र निघत नाही. पण ‘निष्काळजी’ लिहिणाऱ्या बाई एकदा ते प्रश्न भरायला बसल्या की मुलाकडे निराळ्या नजरेने बघायला लागतात, हे मी शाळांमधून पाहिलेलं आहे.

मग सिव्हिल. आपल्या सिव्हिलचं पूर्ण नाव छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. केसपेपर काढून आधी बालरोग विभागात दाखवा, तिथून मानसोपचार विभागाकडे जा. मानसोपचार हे नाव ऐकून सासूबाई दचकतील. त्यांना सांगा की मुलाच्या बुद्धीची आणि वाचनाची चाचणी तिथले मानसशास्त्रज्ञ घेतात, एवढंच. पहिल्याच खिडकीवर दोन गोष्टी विचारा. अध्ययन अक्षमतेची चाचणी इथे कोणत्या वारी होते, आणि सध्या चाचणी घेणारं कुणी नसेल तर तुम्ही कुठे पाठवता? बाहेर पाठवणार असतील तर चिठ्ठी लेखी घ्या. तोंडी ‘पुण्याला जा’ म्हणाले म्हणून पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून ससून रुग्णालयात जाल आणि तिथे कागद मागतील, दिवसाची मजुरी आणि भाडं दोन्ही जाईल. पुण्याला जायची वेळ आलीच तर आधी फोनवर वार आणि वेळ ठरवूनच निघा.

चाचणी एका बैठकीत उरकत नाही. आधी बुद्ध्यंक बघतात. तो सर्वसाधारण निघाला की मग वाचन, लेखन, गणित यांच्या चाचण्या होतात, बहुतेक ठिकाणी बेंगळुरूच्या निमहान्सने तयार केलेल्या. हे प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांपुढच्या मुलांनाच देतात. तुमचा मुलगा साडेनऊचा, म्हणजे वेळ बरोबर आहे. जाताना पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं, दोन-तीन वह्या आणि डोळे-कान तपासल्याचे कागद घ्या. तो समास आणि तो धोटा असलेली वहीसुद्धा न्या.

आणि घरात तेलुगू बोलतो हे तपासणाऱ्याला पहिल्या मिनिटाला सांगा. हे फार महत्त्वाचं आहे. जी भाषा मुलाच्या कानावर नीट पडलेलीच नाही, त्या भाषेत तो अडखळला तर त्याला अध्ययन अक्षमता म्हणत नाहीत, म्हणून तपासणाऱ्याला दोन्हींतला फरक करावा लागतो. मुलगा चार वर्षं मराठी ऐकतोय, गल्लीत मराठी बोलतोय, तोंडी उत्तरं मराठीत पटापट देतोय, ही माहिती तपासणाऱ्याच्या उपयोगाची. सासूबाईंचं म्हणणं मी टाकाऊ मानत नाही. घरच्या भाषेत शिकलेलं मूल सुरुवातीला मोकळं होतं हे खरंच आहे, आणि सोलापुरात तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेतही. पण दोन-तीन भाषा बोलल्याने डिस्लेक्सिया होत नाही. आवाज-अक्षराची सांगडच ढिली असेल तर ती तेलुगूतही ढिलीच राहील. आता चौथीत लिपी बदलली तर मराठीत मिळवलेलंही हातचं जाईल. शाळा, माध्यम, लिपी, काही बदलू नका. घरात मात्र तेलुगू बिनधास्त बोला. अभ्यासातली गोष्ट समजावताना तर तेलुगूतच समजावा.

निदान झालं तर प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज भरायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा एवढं लागतं. घरी जमलं नाही तर सेवा केंद्रातून भरून घ्या. अर्जाची पावती जपा, आणि त्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतं का ते तिथेच बघा. तेलुगू आडनावं मराठीत आणि इंग्रजीत चार प्रकारे लिहिली जातात, पुढे बोर्डाच्या परीक्षेच्या वेळी यावरून नस्ता ताप होतो.

या कार्डाचा खरा उपयोग परीक्षेत आहे. अशा मुलांना दर तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो, भाषेच्या विषयात सूट मागता येते. अभ्यासक्रमात आणि परीक्षेत असे बदल करावेत हे 2016 च्या कायद्यातच लिहिलंय. दहावीला हे सगळं शाळेमार्फत पुण्याच्या विभागीय मंडळाकडून मंजूर करून घ्यावं लागतं, म्हणून नववीतच हालचाल करायची. पुढे उच्च शिक्षणात 5 टक्के जागा आणि सरकारी नोकरीत आरक्षण आहे, पण त्यासाठी अक्षमता 40 टक्के किंवा जास्त असावी लागते. ते आज डोक्यात घेऊ नका. नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्याबद्दल कुणी सांगेल, तर तो स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. नुसत्या अध्ययन अक्षमतेला तो मिळत नाही. त्याच्या फॉर्मसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. तुमच्याकडे विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र जरूर भरा, ती केंद्राच्या श्रम कल्याण खात्याकडून मिळते आणि तिचा या निदानाशी काही संबंध नाही. महापालिकेला आपल्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो. कार्ड हातात आलं की इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेच्या कार्यालयात जाऊन त्यातून मुलांसाठी यंदा काय आहे, ते विचारा.

हे सगळं व्हायला महिने जातील. म्हणूनच ताई, या सगळ्या उत्तरातलं एवढंच तुम्ही लक्षात ठेवलं तरी चालेल, की कागदाचं काम आणि मुलाचं काम एकाच वेळी सुरू करायचं. ‘सर्टिफिकेट आलं की बघू’ म्हणत कित्येक मुलांचं अख्खं वर्ष जातं, आणि त्या वर्षात ती स्वतःला ढ मानायला लागतात. वाचन उशिरा आलं तरी येतं. ढ असल्याचा समज मात्र एकदा बसला की काढायला फार जड.

वर्गशिक्षिकांकडे प्रमाणपत्राशिवाय मागता येतील अशा गोष्टी आहेत. त्यांना म्हणा : त्याला पुढच्या बाकावर बसवा. सगळ्यांसमोर उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका. फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची सक्ती नको, शेजारच्या मुलाच्या वहीचा फोटो मला पाठवा. उत्तर येतंय का ते तोंडी विचारा. परिसर अभ्यासाच्या पेपरात शुद्धलेखनाचे गुण कापू नका. बाईंशी हे बोलताना मिस्टरांनाही सोबत न्या, एक दिवस पाळी बदलून घेऊन. वडील आले की शाळा जरा सावरून बोलते. असं व्हायला नको, पण होतं. आणि मारण्याबद्दल स्पष्ट सांगा. शाळेत मुलाला मारणं किंवा घालूनपाडून बोलणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंद केलेलं आहे.

घरी रोज पंधरा-वीस मिनिटं, जास्त नाही. रोज मात्र हवीत. विड्यांच्या सुपासमोर बसूनसुद्धा होईल असं सांगते. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर मोठी अक्षरं काढून चौकोन कापा. एका वेळी दोनच सारखी दिसणारी अक्षरं घ्या, घ आणि ध. ताटलीत तांदळाचं पीठ पसरा, त्यावर बोटाने अक्षर काढायचं आणि काढतानाच त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. डोळा, कान, हात, जीभ सगळे एकदम कामाला लागले पाहिजेत. ते पक्कं झालं की मात्रा, पण ऱ्हस्व इकाराला वेगळा रंग द्या. ‘दिवस’ लिहायच्या आधी त्याला टाळ्या वाजवून शब्द फोडायला लावा, दि, व, स. मग प्रत्येक टाळीला एक चौकोन. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. चुकलं की ‘परत चुकलास’ न म्हणता तुम्ही बरोबर करून दाखवायचं आणि त्याने परत काढायचं.

अभ्यासाची पुस्तकं मात्र त्याला वाचून दाखवा. तुम्हाला वेळ नसेल तर पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा ॲपवर त्या पाठाचं जे असेल ते ऐकवा, बघू द्या. वाचता येत नाही म्हणून विज्ञान आणि इतिहासही मागे राहिले तर ते नुकसान दुप्पट. धाकटीला त्याची शिक्षिका करू नका. ती गोड आहे, मदतही करेल, पण त्याला ते फार झोंबतं.

पैसे देऊन खासगी शिक्षक लावायची ऐपत झाली तर एकच चौकशी करा, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का. विशेष शिक्षकाला आणि चाचणी घेणाऱ्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला ती लागते, आणि विचारलं तर ते नोंदणी क्रमांक दाखवतात. जो दाखवत नाही किंवा ‘तीन महिन्यांत पूर्ण बरा करतो’ म्हणतो, त्याच्याकडून उठून या.

तुमच्या झोपेबद्दल. तुम्ही त्याला मारता आणि रात्रभर जागता, हे लिहायला धीर लागला असेल. मार बंद करायलाच हवा. भीतीने मुलाचं उरलंसुरलं लक्षही उडतं, तुम्ही ते रोज बघताच आहात. पण दिवसभर हजारभर विड्यांचा आकडा गाठणाऱ्या बाईने संध्याकाळी शांत डोक्याने एकटीने शिकवावं, ही अपेक्षाही बरोबर नाही. ज्या दिवशी राग डोक्यात गेलाय त्या दिवशी अभ्यास नाही, असा नियमच करा. मिस्टरांनी आठवड्यातून दोन दिवस ताटली-पीठ घेऊन बसायचं, आणि सासूबाईंनी रात्री तेलुगूत गोष्टी सांगायच्या. गोष्टी ऐकून शब्द वाढतात, त्याचा वाचनाला खरोखर उपयोग होतो, आणि सासूबाईंनाही आपण कामाच्या आहोत असं वाटेल. फारच घुसमट झाली तर 14416 वर फोन लावा. केंद्र सरकारची टेली मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. वेड लागलं तरच फोन करायचा असं काही नाही. थकलेल्या आईनेही करायचा असतो.

आमच्यासारखं कुणी आहे का, असं तुम्ही विचारलंत. चाळीस मुलांच्या वर्गात असं एखादं-दुसरं मूल निघणं काही विशेष नाही. त्यांच्या आया तुमच्यासारख्याच शाळेच्या फाटकाशी गप्प उभ्या असतात. विशेष शिक्षकांना सांगा की तुमच्याकडच्या दोन-तीन पालकांना माझा नंबर द्या, त्यांना चालत असेल तर. महिन्यातून एकदा कुणाच्याही घरी बसा. सिव्हिलला कोणता वार, कोणत्या खिडकीवर कागद मागतात, कोणत्या बाई समजून घेतात, ही माहिती कुठल्याही कार्यालयात मिळत नाही, ती या आयांकडेच असते. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनसारखी संस्था बरीच वर्षं काम करते आहे. सोलापुरात तसं काही उभं राहायचं असेल तर ते अशाच घरातल्या बैठकीतून राहील.

शाळा अर्जाला दादच देत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना, मुलांना आणि दिव्यांगांना तिथे वकिलाचा सल्ला मोफत मिळतो. त्याच्याही वर पुण्यात दिव्यांग आयुक्त आहेत. बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही, पोच घेतलेल्या अर्जाने काम होतं.

अर्ज असा लिहा :

‘मा. मुख्याध्यापक यांस, माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता चौथीत शिकत आहे. त्याला तोंडी उत्तरे येतात, परंतु वाचन व लेखनात पहिलीपासून सतत अडचण येत आहे. डॉक्टरांनी अध्ययन अक्षमतेची शक्यता सांगितली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 16 नुसार समग्र शिक्षा अंतर्गत विशेष शिक्षकांमार्फत त्याची तपासणी करून घ्यावी व अहवालाची प्रत मला द्यावी, ही विनंती. तोपर्यंत त्याला वर्गात आवश्यक ती मदत मिळावी. प्रत माहितीसाठी : प्रशासन अधिकारी, प्राथमिक शिक्षण मंडळ, सोलापूर महानगरपालिका.’

खाली तुम्हा दोघांच्या सह्या, तारीख, मोबाइल नंबर. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडा. तीन प्रती काढा, एक शाळेची, एक शिक्षण मंडळाची, एक तुमची. शाळेच्या आवक नोंदवहीत नोंद करायला लावा आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेऊनच बाहेर पडा. पंधरा दिवसांत कुणी बोलावलं नाही तर तीच प्रत घेऊन प्राथमिक शिक्षण मंडळात जा आणि समावेशित शिक्षणाचं काम कोण बघतं ते विचारून थेट त्यांनाच भेटा. सिव्हिलमध्ये काय सांगितलं ते मला कळवा. तपासणीचा अहवाल आला की त्याची प्रतही पाठवा. त्यात लिहिलेल्या अडचणी पाहून घरी पुढे काय घ्यायचं, कोणती अक्षरं आधी, कोणती नंतर, ते मी सविस्तर लिहीन.